कुंपणालगतची उंच, सडपातळ, सदाहरित झाडे : काय घ्यावे, काय टाळावे

पुणे–सोलापूर रस्त्याने लोणी काळभोर सोडले की उरुळी कांचनपर्यंत रोपवाटिकांच्या पाट्या सुरू होतात. बंगल्याच्या भिंतीलगत लावायला उंच जाणारे, फारसे न पसरणारे आणि बारा महिने हिरवे राहणारे झाड हवे, असे तिथे सांगितले की ग्राहकापुढे साधारण तेच ते पर्याय मांडले जातात : अशोक, मोरपंखी, सायप्रस, ख्रिसमस ट्री, कोनोकार्पस, बांबू आणि एखाद्या कोपऱ्यात सुरूचे झाड. हे परीक्षण एखाद्या विशिष्ट दुकानाचे नसून या मालाचे आहे, कारण दुकान बदलले तरी माल फारसा बदलत नाही. त्यातला काही तर आंध्र प्रदेशातील कडियमच्या रोपवाटिकांतून ट्रकने एकाच वेळी अनेकांकडे उतरतो.

अशा झाडांची मागणी का वाढली, हे वेगळे सांगायला नको. शेजारी चार मजली इमारत उभी राहते, तिच्या गॅलऱ्या आपल्या स्वयंपाकघरावर उघडतात, आणि आपल्याकडे भिंत व घर यांच्यामध्ये जेमतेम पाच-सहा फुटांची पट्टी उरते. या पट्टीत ड्रेनेजचे चेंबर असते, पाण्याची वाहिनी असते, बहुधा बांधकामाचा राडारोडाही पुरलेला असतो. त्यामुळे झाडाची निवड करताना पहिला प्रश्न उंचीचा नसतो. दहा वर्षांनंतर त्याचा घेर किती होईल, मुळे कुठे जातील आणि आपल्या गावचा पाऊस त्याला मानवेल का, हे तीन प्रश्न आधी सुटले पाहिजेत. रोपवाटिकेत सहा फुटांची सगळीच रोपे सडपातळ दिसतात, आणि तिथेच बहुतेकांची फसगत होते.

या कसोटीवर दख्खनच्या पठारासाठी सर्वांत भरवशाचे झाड अजूनही अशोकच आहे. लोक त्याला कंटाळले आहेत, शाळा, बँका आणि मंगल कार्यालये यांच्या आवारात ते पाहून पाहून त्याची किंमत कमी झाली आहे, तरी हे मत बदलावे असे मला वाटत नाही. हा सीतेचा अशोक नव्हे. नारिंगी-तांबड्या फुलांच्या त्या अशोकाचा विस्तार डेरेदार असतो आणि त्याचे कूळही वेगळे आहे. आपण ज्याला खोटा अशोक किंवा आसुपालव म्हणतो, ते सीताफळाच्या कुळातले, दक्षिण भारत व श्रीलंकेचे झाड आहे, आणि त्याचाही एक पसरट फांद्यांचा प्रकार असतो. आपल्याला हवा तो फांद्या खोडालगत खाली झुकवणारा प्रकार. रोप पाहताना फांद्या खोडातून बाहेर पडताच खाली वळल्या आहेत का, एवढे पाहिले तरी पुरते. त्या आडव्या किंवा वरच्या दिशेने निघालेल्या असतील तर ते रोप दुसऱ्या प्रकारचे समजावे, मग विक्रेता काहीही म्हणो.

चांगल्या वाढलेल्या अशोकाचा घेर पाच-सहा फुटांत राहतो आणि उंची चाळीस फुटांच्या पुढे जाते. इतक्या कमी जागेत इतकी दाट हिरवाई देणारे दुसरे पानझाड आपल्याकडे सहज मिळत नाही. नवी पालवी तांबूस, तकतकीत येते. उन्हाळ्याच्या सुरुवातीला फिकट हिरव्या, चांदणीसारख्या फुलांचे झुबके लागतात, पण ती पानांच्याच रंगात मिसळून जातात आणि कित्येक घरांत झाड फुलले होते हे कुणाला कळतही नाही. जांभळट-काळी फळे वटवाघळे व कोकिळा खातात. फळांच्या हंगामात झाडाखाली मोटार लावणाऱ्याने रोज सकाळी काच धुण्याची तयारी ठेवावी. टेल्ड जे नावाचे हिरव्या ठिपक्यांचे फुलपाखरू याच पानांवर अंडी घालते. त्याच्या अळ्या कोवळी पाने थोडीफार खातात, आणि तेवढ्यासाठी औषध फवारण्याचे काहीच कारण नाही.

दोषही आहेत. पहिले दोन-तीन उन्हाळे नियमित पाणी न मिळाल्यास झाड खालून उघडे पडते. क्षारयुक्त बोअरच्या पाण्यावर पानांच्या कडा करपतात आणि मे महिन्यात सगळी रांग तपकिरी झालर लावल्यासारखी दिसते. सावलीत खालच्या फांद्या टिकत नाहीत, त्यामुळे दोन उंच भिंतींच्या अरुंद बोळात अशोक लावला तर आडोसा वरच्या मजल्याला मिळतो आणि तळमजल्यासमोर नुसती खोडे उरतात. पण या झाडाची सर्वांत मोठी हानी लावणाराच करतो. रोपे दोन-दोन फुटांवर ठासून लावली जातात, तीन वर्षांनी ती एकमेकांत घुसतात, आणि मग कुणीतरी सर्वांचे शेंडे सरसकट एका रेषेत छाटण्याचा सल्ला देतो. शेंडा गेला की एका खोडाच्या जागी तीन-चार शेंडे फुटतात, वरचा भाग केरसुणीसारखा फिसकटतो आणि ज्या सडपातळ आकारासाठी झाड आणले तोच कायमचा जातो. पाच ते सहा फुटांचे अंतर सुरुवातीला विरळ वाटते. ते तसेच राहू द्यावे आणि मधल्या जागेत दोन वर्षे हवे तर तगर किंवा जास्वंद लावावी.

काळ्या मातीच्या जागेत आणखी एक काळजी घ्यावी लागते. ही माती ओलीने फुगते आणि वाळली की भेगाळते. पायालगतच्या मातीतले पाणी झाडांची रांग उन्हाळ्यात शोषून घेऊ लागली की ती अधिकच आकसते, आणि हलक्या पायाच्या कुंपणाला तडे जातात. अशा जागी रांग भिंतीला चिकटवू नये. एकाच बाजूला अंतर राखता येत असेल तर ते घराच्या बाजूला राखावे. मुरमाड जमिनीत ही अडचण जवळजवळ नसते, तिथे खड्डा मोठा घेणे व चांगली माती भरणे हाच खर्च.

मोरपंखीबद्दल मला आपुलकी आहे, कारण वहीत तिचे पान ठेवले की विद्या येते अशी ज्यांची खात्री होती त्या पिढीतला मी आहे. कुंपणासाठी मात्र तिची शिफारस करवत नाही. मूळची चीनकडची ही सूचिपर्णी झुडपे पहिली पाच-सहा वर्षे देखणी, मेणबत्तीच्या ज्योतीच्या आकाराची दिसतात. पुढे आतला भाग वाळून तपकिरी होतो, आणि हिरवा थर ओलांडून कात्री त्या तपकिरी भागापर्यंत गेली की तिथे पुन्हा पालवी फुटत नाही. कोरड्या उन्हाळ्यात लाल कोळी ही कीड पडते आणि मुसळधार पावसात दाट फांद्यांच्या आत ओल कोंडून राहते. वाढही संथ असते, म्हणजे आडोशाला उपयोगी पडेपर्यंत तिचे चांगले दिवस सरलेले असतात. दारापाशी दोन बाजूंना दोन, एवढ्यापुरती ती ठीक आहे.

इटालियन सायप्रसचे प्रकरण याहून महाग. वास्तुविशारदांच्या चित्रांत तो फार उठून दिसतो आणि ग्राहक तेच चित्र मोबाइलवर घेऊन रोपवाटिकेत येतो. भूमध्य समुद्राभोवतीच्या प्रदेशात पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो. ते झाड त्या ऋतुचक्राला सरावलेले आहे. आपल्याकडे नेमके उलटे आहे : उष्ण हवेतच चार महिने मुळाशी पाणी. निचरा उत्तम असलेल्या, उताराच्या, पाऊस बेताचा असलेल्या जागी, म्हणजे नगर, सासवड, फलटण अशा पट्ट्यात, उंच वाफ्यावर लावलेले सायप्रस तगू शकतात. पुण्याच्या पश्चिमेला मुळशी-लोणावळ्याकडे, कोकणात किंवा गोव्यात त्यांच्यावर पैसे घालू नयेत. रांगेतले एक झाड मेले की नेमक्या त्याच उंचीचे दुसरे मिळत नाही आणि पुढची अनेक वर्षे तोंडातला दात पडल्यासारखी ती फट दिसत राहते.

ख्रिसमस ट्री म्हणून विकले जाणारे झाड अरोकेरिया वंशातले असते आणि कुंडीत असेपर्यंत फार गोड दिसते. त्यातला कुक पाइन हा प्रशांत महासागरातील न्यू कॅलेडोनियाचा वृक्ष असून त्याची मजल साठ मीटरपर्यंत जाऊ शकते. गंमत अशी की हे झाड विषुववृत्ताच्या दिशेला झुकते, असे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जगभरातील झाडे मोजून दाखवण्यात आले. म्हणजे आपल्याकडे त्याचा कल दक्षिणेकडे. घराच्या उत्तरेला ते लावण्याआधी एवढे लक्षात घ्यावे. मोठ्या आवारात एकटे लावलेले अरोकेरिया शोभते, आडोशासाठी ते निरुपयोगी आहे, कारण फांद्यांच्या मजल्यांमधून पलीकडचे सगळे दिसते.

कोनोकार्पसवर फार शब्द खर्च करत नाही. झपाट्याने वाढतो, कुठल्याही पाण्यावर जगतो, कात्री लावली की दाट होतो, आणि म्हणून विक्रेते तो सर्वांत आग्रहाने पुढे करतात. त्याची मुळे पाण्याच्या व सांडपाण्याच्या वाहिन्यांत आणि केबलींच्या चरांत शिरतात, परागकणांमुळे श्वसनाचा त्रास होतो अशी तक्रार आहे, आणि या कारणांवरून गुजरातच्या वन विभागाने २०२३ साली त्याची रोपे तयार करण्यावर व लागवडीवर बंदी घातली. तेलंगणानेही तसाच निर्णय घेतला. शेजारच्या राज्याने जे झाड नाकारले ते आपण पैसे देऊन, तेही ड्रेनेजच्या चेंबरशेजारी लावण्यात काही अर्थ नाही. वड-पिंपळाच्या वंशातल्या फायकसच्या उंच कापलेल्या रांगांनाही मुळांच्या बाबतीत हेच लागू आहे.

कोकणात आणि गोव्यात सगळे गणित बदलते, आणि तिथल्या लोकांनी उरुळीचा माल मागवावा याचे मला नेहमी आश्चर्य वाटते, कारण या कामासाठी लागणारे उत्तम झाड त्यांच्या परसातच आहे. कोकम अर्थात रातांबा हा सह्याद्रीचा स्वतःचा सदाहरित वृक्ष. खोड सरळ, फांद्या खाली झुकलेल्या, पाने काळपट हिरवी आणि चकचकीत, कोवळी पालवी लालसर, आणि एकूण आकार शंकूसारखा. उंची दहा ते पंधरा मीटर. अशोकाइतका तो सडपातळ नाही, दहा-बारा फुटांची जागा त्याला द्यावी लागते, पण तीन-चार महिन्यांचा धो धो पाऊस आणि जांभ्याची जमीन तो हसतमुखाने पेलतो, आणि एप्रिल-मेमध्ये फळ देतो ते वेगळेच.

रातांबा विकत घेताना मात्र दोन गोष्टी विचारायला हव्यात, आणि त्या सहसा कुणी विचारत नाही. या झाडात नर व मादी वेगळे असतात आणि बियांपासूनच्या रोपात कोणते काय हे फुलोरा येईपर्यंत कळत नाही. फळ हवे असेल तर कलमच घ्यावे. डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने प्रसारित केलेल्या ‘कोकण अमृता’ आणि ‘कोकण हातीस’ या जातींची कलमे मिळतात. आता दुसरी गोष्ट, जी आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे : कलमाची काडी उभ्या वाढणाऱ्या शेंड्याची हवी. आडव्या फांदीची काडी वापरून बांधलेले कलम पुढेही आडवेच वाढते आणि झाडाऐवजी पसरट झुडूप होते. फळबाग करणाऱ्याला त्याचे फारसे वाटणार नाही, उलट तोडणी सोपी जाईल, पण आडोसा हवा असणाऱ्याचे काम तिथेच संपते. कलमाच्या जोडावरची फूट सरळ वर निघाली आहे की बाजूला झुकली आहे, हे हातात रोप घेऊन पाहावे. फळ नको, नुसता आकार हवा, तर बियांचे रोप स्वस्त पडते आणि सुळक्यासारखे सरळ जाते.

नागकेशर याच पट्ट्यातले, आकाराने त्याहून रेखीव. नवी पालवी आली की झाड लालभडक होते, पांढऱ्या पाकळ्यांच्या मधोमध पिवळ्या केसरांचा गुच्छ असलेली फुले सुगंधी असतात, आणि लाकूड लोखंडासारखे कठीण. वाढ इतकी सावकाश की घर बांधणाऱ्याच्या नातवंडांना आडोसा मिळेल. घाई नसेल त्याने जरूर लावावा. सुपारीची रांग सुंदर दिसते, पण तिचा झुबका वर आणि खाली नुसते खोड, तेव्हा ती आडोशात मोडत नाही.

समुद्रकाठच्या घरांना सुरूचा मोह होतो, कारण वाळू, खारा वारा आणि निकृष्ट जमीन यांत तो बिनतक्रार वाढतो. किनाऱ्यावर वाऱ्याचा आडोसा म्हणून त्याच्या रांगा लावल्या जातात ते योग्यच आहे. घराशेजारी मात्र तो नको. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला धडकले, तेव्हा रायगडच्या किनाऱ्यावर सुरू, नारळ आणि सुपारीची किती झाडे आडवी झाली, हे तिथल्या लोकांना विचारावे. तीस मीटरपर्यंत जाऊ शकणारे झाड छपरापासून दहा फुटांवर असण्याचा अर्थ त्या दिवशी अनेकांना कळला. शिवाय त्याच्या तळाशी पडणाऱ्या काड्यांच्या गादीतून दुसरे काही उगवत नाही.

बांबूविषयी मनात अकारण धास्ती असते. तो सगळीकडे पसरतो हे थंड प्रदेशांतल्या धावत्या मुळांच्या जातींबद्दल खरे आहे. आपल्याकडचे बहुतेक बांबू बेटाने वाढतात आणि बेट दरवर्षी थोडे थोडे रुंदावते. सिंधुदुर्गाकडचा माणगा बिनकाटेरी, जवळपास भरीव आणि तीस फुटांच्या आसपास जाणारा असल्याने मोठ्या आवाराच्या कडेला अत्युत्तम. अरुंद पट्टीसाठी मल्टिप्लेक्स जातीचा बारीक काठ्यांचा बांबू घ्यावा आणि घराच्या बाजूला जमिनीत दोन-अडीच फूट खोल विटांची आडभिंत घालावी. तीन वर्षांत पूर्ण आडोसा देणारा दुसरा पर्याय या यादीत नाही. त्याची किंमत म्हणजे वर्षभर गळणारी पाने, वाऱ्यात काठ्यांची करकर, आणि दर हिवाळ्यात जुन्या काठ्या तळातून काढण्याचे काम. हे काम टाळले की बेटाच्या मध्यभागी वाळलेल्या काठ्यांचा गचपण होतो.

एक गोष्ट बांबूच्या बाजूने आणखी आहे. महाराष्ट्रातील शहरी भागात १९७५ च्या वृक्ष संरक्षण व जतन अधिनियमानुसार स्वतःच्या आवारातले झाडही वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीविना तोडता येत नाही. लावताना हा कायदा कुणाच्या लक्षात येत नाही, आणि झाड चाळीस फूट होऊन टाकीवर वाकले की अर्ज, पाहणी, सूचनेची मुदत असे सगळे सुरू होते. भारतीय वन अधिनियमातील झाडाच्या व्याख्येतून बांबू २०१७ साली वगळला गेला. बेटातली काठी काढणे ही त्यामुळे आणि मुळातच सोपी बाब आहे. अरुंद जागेत चुकीचे झाड लावण्याचा खरा खर्च रोपाच्या किमतीत दिसत नाही, तो इथे दिसतो.

दिशेचा विचार तर जवळजवळ कुणीच करत नाही. पुण्याच्या अक्षांशावर डिसेंबरच्या उत्तरार्धात भर दुपारीही सूर्य दक्षिणेला क्षितिजापासून सुमारे ४८ अंशांवरच असतो. म्हणजे दहा मीटर उंचीच्या रांगेची सावली उत्तरेकडे सुमारे नऊ मीटर पडते, आणि सकाळ-संध्याकाळी त्याहून लांब. एकमजली बंगल्याच्या दक्षिणेला भिंतीलगत उंच रांग लावली की गच्चीवरचा सोलर बंब नेमका थंडीत, म्हणजे गरम पाणी हवे तेव्हाच, सावलीत जातो. हीच रांग पश्चिमेला असेल तर मार्च ते मे या काळात उतरतीचे ऊन भिंतीवर येत नाही आणि संध्याकाळी खोल्या राहण्याजोग्या होतात. उत्तरेला सावलीची चिंता नाही. विजेच्या तारा ज्या बाजूने जातात ती बाजू उंच झाडांसाठी बाद समजावी, कारण पावसाळ्यापूर्वी तारांखालचे शेंडे छाटले जाणारच.

राहता राहिली खरेदी. मोठ्या पिशवीतले दहा-बारा फुटी रोप पाहून हुरळू नये. ते वर्षानुवर्षे त्याच पिशवीत असेल तर मुळे आतल्या आत गोल फिरलेली असतात आणि जमिनीत लावल्यावरही तशीच गरगरत राहतात. असे झाड पुढे जोराच्या वाऱ्यात मुळासकट कलते. पिशवीचा तळ फाडून जमिनीत गेलेले मूळ तोडून रोप दिले जाते का, तेही पाहावे. त्याच किमतीत पाच फुटांची दोन रोपे घेतली तर तीन-चार वर्षांत ती मोठ्या रोपाला गाठतात. बाहेरगावाहून आलेल्या रोपांच्या मुळाशी बरेचदा चिकट मातीचा घट्ट गोळा असतो. तो तसाच मुरमात बसवला की पाणी गोळ्याच्या बाजूने निघून जाते आणि भोवतालची माती ओली असूनही रोप सुकते. गोळा पाण्याच्या घमेल्यात भिजवून बाहेरचा थर हाताने मोकळा करावा आणि मगच लावावा.

सेवेबद्दल सांगायचे तर रोपवाटिकांतले कामगार बहुधा विक्रेत्यांपेक्षा जास्त जाणकार असतात, आणि कोणते रोप कधी उतरले हे खरे तेच सांगतात. टेम्पोत चढवताना रोपे आडवी रचून शेंडे मोडण्याचा प्रकार सर्रास होतो, आणि सूचिपर्णी झाडांत मोडलेला शेंडा म्हणजे बिघडलेला आकार. म्हणून माल चढताना स्वतः उभे राहावे, ताडपत्री बांधून घ्यावी आणि शेंडा मोडलेले रोप तिथेच बदलून मागावे. लावून देण्याचे वेगळे पैसे सांगितले जातात. त्यात खड्डा किती खोल, शेणखत किती, आधाराचे बांबू कुणाचे, हे आधी ठरवून पावतीवर लिहून घ्यावे. मेलेले रोप बदलून देण्याचा तोंडी शब्द सगळेच देतात, लेखी फारच थोडे. जून-जुलैत, दोन चांगले पाऊस झाल्यावर लावलेल्या रोपाला त्या शब्दाची गरज सहसा पडत नाही. एप्रिलमध्ये वास्तुशांतीसाठी घाईने लावलेल्याला हमखास पडते.